त्या खिळ्याला काय होतं

माझा धंदा फोकस ओढायचा. असं काही काम असतं हेच बऱ्याच लोकांना माहीत नसतं. नट चालतो, वळतो, खाटेवर बसतो, आणि पडद्यावर त्याचे डोळे सतत स्वच्छ दिसतात, ते काही आपोआप नव्हे. कॅमेऱ्यापासून त्याच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर मी आधी टेपने मोजते, जमिनीवर खुणेच्या पट्ट्या चिकटवते आणि टेक चालू असताना हातातली चकती त्या अंतराप्रमाणे फिरवत राहते. बरोबर फिरली तर माझं नावही कोणाला आठवत नाही. केसभर चुकली तर अख्खं युनिट माझ्या नावाने शंख करतं. थोडक्यात, मुक्याने करायचं काम आहे, आणि मी मुळात मुकी नाही, हाच सगळा लोचा आहे.

चौकटीत जे धूसर राहतं त्याला आम्ही 'सॉफ्ट' म्हणतो. बॅकग्राउंड सॉफ्ट कर, मागची माणसं सॉफ्ट जाऊ देत, ती भिंत जरा सॉफ्ट ठेव. वर्षानुवर्षं हा शब्द मी कानाआड करत आले. आता कोणी उच्चारला की माझ्या कानशिलात ठणका लागतो. का, ते सांगते.

आमची खोली काळाचौकीच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. दरवाजातून आत पाहिलं की समोरच्याच भिंतीवर तसबीर. निळा कोट, डोळ्यांवर चष्मा, हातात जाड ग्रंथ. एवढं सांगितल्यावर महाराष्ट्रात नाव सांगावं लागत नाही. घरात आम्ही त्यांना नुसतं 'बाबा' म्हणतो. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. बाबा हा शब्द तसबिरीसाठी राखलेला.

दादा गिरणीत होते. गिरणी बंद पडायच्या पुष्कळ आधी, एका सहा डिसेंबरला, त्यांनी ती तसबीर चैत्यभूमीवरून घेतली आणि गर्दीत काच फुटू नये म्हणून छातीशी धरून दादरहून घरापर्यंत चालत आणली. चाळीची भिंत कडक, खिळे वाकायचे. शेवटी दादांनी भोक पाडून लाकडाची गुल्ली बसवली आणि तिच्यात खिळा ठोकला. तो खिळा दादा गेल्यावरही हलला नाही.

आई महापालिकेच्या इस्पितळात आया होती. रिटायर झाल्यावरही पहाटे उठायची आणि पहिलं काम काच पुसायची. स्टुलावर चढून काचेवर तोंडाची वाफ सोडायची आणि लुगड्याच्या धुतल्या पदराने गोल गोल पुसायची. आधी बाबा, मग चहा. आम्हा भावंडांना ताप असो, परीक्षा असो, घरात मयत असो, ह्यात बदल नाही.

चाळ पाडून तिथे टॉवर होणार हे ठरलं, सह्या झाल्या, खोल्या रिकाम्या करायची बोलणी सुरू झाली. त्याच सुमाराला मी ज्याच्याकडे काम करत होते त्या दिग्दर्शकाला गिरणगावातली खरी खोली हवी होती. गिरणी कामगाराच्या विधवेची गोष्ट, मराठी पिक्चर, नावाजलेली नटी. मी घरी विषय काढला तेव्हा आई लगेच म्हणाली, "दे की. खोली जायचीच आहे. निदान पिक्चरमध्ये तरी राहील. बाबांसकट."

तिची अट एवढीच होती. बाबा जागेवरून हलायचे नाहीत.

दिग्दर्शक खोली बघायला आला. खाटेवर मांडी घालून बसला, चहा प्यायला, दुसरा कप मागून घेतला. "आम्ही दादरचेच हो मावशी, परके नाही," म्हणाला. मग तसबिरीकडे लक्ष गेलं तसा उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले. आईने अट सांगितली. तो म्हणाला, "काढायचा प्रश्नच नाही. ते आहेत म्हणून आपण आहोत." आई विरघळली. त्या संध्याकाळी तिने गॅलरीभर हिंडून सगळ्या बिऱ्हाडांना सांगितलं की आपली खोली पिक्चरमध्ये येणार आणि बाबा पण येणार. मीही मूर्खासारखी तिच्या मागे हसत उभी होते.

शूटिंगच्या दिवशी सकाळी युनिट आलं. बाहेर बांबूंच्या परांचीवर मोठा लाइट चढला, गॅलरीत कॅमेरा लागला, तोंड आत, दरवाजातून सरळ समोरच्या भिंतीवर. आर्टवाल्यांनी स्वयंपाकाच्या ओट्याच्या बाजूला एक छोटा देव्हारा आणून मांडला. पितळी मूर्ती, निरांजन, सगळं. आमच्या घरात देव्हारा! शेजारणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आई म्हणाली, "असू दे, नाटकातला आहे." हे मी मुद्दाम सांगते, पुढे लागणार आहे.

नटीच्या जागी दुसऱ्या बाईला बसवून मी अंतर मोजत होते तेवढ्यात कॅमेरामन म्हणाला, "काँच मार रहा है." तसबिरीच्या काचेत परांचीवरचा लाइट सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात येत होता. खरंच येत होता, खोटं कशाला बोलू. अशा वेळी काचेवर एक फवारा मारतात, त्याने काच अंधूक, मेणचट होते आणि चमक मरते. मारला. चमक गेली. रिहर्सल झाली. सगळे नटीची वाट बघत पांगले.

नटी आली, टेक सुरू झाला आणि मॉनिटरवर बाबांच्या जागी पांढराशुभ्र झोत. कॅमेरामन ओरडला. पुन्हा फवारा. जरा वेळ गेला, दुसरा टेक, पुन्हा तोच झोत. तिसऱ्यांदा फवारा मारणारा माणूस तिथेच दबा धरून राहिला तेव्हा चोर सापडला. आई मोरीच्या बाजूने स्टूल घेऊन आली, वर चढली, काचेवर वाफ सोडली आणि पदराने पुसायला लागली.

"अहो मावशी, काय करता?"

"काय करता म्हणजे? तुमच्या गडबडीत बाबांवर केवढा थर बसलाय! सकाळीच पुसले होते मी."

अख्खी गॅलरी हसली. मीही हसले. दिग्दर्शक हसला नाही. टेक वाया गेले म्हणून तो आधीच तापला होता. "ह्यांना खाली बसवा रे कोणीतरी," तो म्हणाला. ह्यांना! ज्या बाईच्या खाटेवर बसून दोन कप चहा ढोसला तिला. एक प्रॉडक्शनवाला आईच्या दंडाला धरून तिला जिन्याने खाली घेऊन गेला आणि चौकात नळाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर आला. माझ्या हातात टेप होता. तो मी इतका जोरात सोडला की पातं सरसरत डबीत गेलं आणि माझ्या अंगठ्याला कापून गेलं.

आई खाली गेल्यावर काच पुसायला कोणी उरलं नव्हतं. म्हणजे अडचण संपली होती. पण दिग्दर्शक मॉनिटरसमोर गालाला हात लावून बसला आणि म्हणाला, "उतरवूनच टाका ना ती. नजर तिकडे जाते."

कॅमेरामनने मान हलवली. "हाँ, कंपोझिशन में भारी पड़ रहा है."

आता हे शब्द मला नवीन नाहीत. चौकटीत कुठली वस्तू जड होते, नजर कुठे ओढली जाते, काय ठेवलं की काय मरतं, ह्यावरच आमचं पोट चालतं. पण ह्याच धंद्यात नटीच्या आरशातली चमक घालवायला मी माणसांना अर्धा दिवस काळी कापडं धरून उभं राहिलेलं पाहिलंय. आरसा उतरवा असं कोणी म्हणत नाही. श्रीमंताच्या दिवाणखान्यात काचेची झुंबरं असतात, ती कधी कोणाला भारी पडत नाहीत. मी म्हटलं, "फवाऱ्याने काम झालंय की आता. नसेल तर काळं कापड लावू. उतरवायचं नाही असं ठरलंय."

दिग्दर्शकाने मला बाजूला, पाण्याच्या पिंपाशी नेलं. आवाज खाली केला. चोरीचा माल विकणारा माणूस करतो तसा.

"हे बघ, तू समजूतदार आहेस. तसबीर दिसली की प्रेक्षकाच्या डोक्यात वेगळाच पिक्चर सुरू होतो. मला कुठल्या एका समाजाची गोष्ट नाही सांगायची. साधी, सगळ्यांची गोष्ट सांगायचीय. कॉमन माणसाची."

"मग आम्ही कोण?"

"पर्सनली घेऊ नकोस ना यार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओट्याजवळचा तो भाड्याचा देव्हारा त्याच चौकटीत होता. मी स्वतः त्याचं अंतर मोजलं होतं. निरांजन पेटलेलं होतं, पितळ लखलखत होतं, आणि त्याकडे कोणाची नजर जात नव्हती. देव्हारा साधा, सगळ्यांचा. बाबा तेवढे एका समाजाचे. खोली खरी पाहिजे म्हणून काळाचौकीपर्यंत आलात, भिंतीवरचे पोपडे खरे पाहिजेत, मोरी खरी पाहिजे, माझ्या आईची काजळलेली पातेली खरी पाहिजेत, आणि ज्यांच्यामुळे ह्या खोलीतली मुलं शाळेत गेली ते तेवढे नकोत. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. हे सगळं मी त्याला तोंडावर म्हटलं. जरा जास्तच म्हटलं. गॅलरीतली बिऱ्हाडं दारात येऊन उभी राहिली.

ती माणसं बघून तो नरमला. दोन्ही हात वर करून म्हणाला, "बरं, बरं. नको उतरवू. राहू दे जागेवर. फक्त लेन्स पूर्ण उघडू, तू फोकस तिच्या चेहऱ्यावर धर, मागचं सॉफ्ट होऊन जाईल. आईंचा शब्दही राहील, माझी फ्रेमही राहील. तुझ्याच हातात आहे."

साप मरावा आणि काठीही तुटू नये. आणि साप कोण, तर आमचे बाबा. काठी कोण, तर मी.

मी चकती स्टँडला अडकवली आणि खाली गेले. आई खुर्चीत कागदी कपातला युनिटचा चहा घेऊन बसली होती. प्यायली नव्हती. मला बघताच तिने विचारलं, "बाबा जाग्यावर आहेत ना गं?"

हो म्हणता आलं असतं. होतेच जागेवर. मी म्हटलं, "आहेत. पण ते त्यांना सॉफ्ट करणार आहेत."

"म्हणजे?"

मी तिचा चष्मा काढून घेतला आणि जरा मागे सरकले. तिचा नंबर मोठा आहे. "आता मी कशी दिसते?"

तिने डोळे बारीक केले. "कोणीतरी उभं आहे एवढं कळतंय."

"तसे."

मी चष्मा परत दिला. तिने तो पदराने पुसला आणि लावला. "आणि हे करणार कोण?"

"चकती माझ्या हातात असते."

ती उठली. तिला एवढ्या भरभर जिना चढताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. मी मागून म्हणत होते, आई थांब, मी सगळ्यांना हाकलून देते, बॅगा भरायला लावते. ती वळून म्हणाली, "खोलीचा शब्द आपण दिलाय. आपण मोडायचा नाही. त्यांनी मोडला तो त्यांच्यापाशी."

वर गेली. केबलींवरून, पेट्यांवरून वाट काढत सरळ आत. स्टूल ओढलं, चढली, आणि दोन्ही हातांनी तसबीर उचलून खाली घेतली. कोणीतरी मदतीला पुढे झालं तर म्हणाली, "हात नका लावू." मग दिग्दर्शकाकडे वळली. आवाज चढवला नाही.

"नको असतील तर नको म्हणा ना साहेब. धुरकट कशाला करता?"

तिने तसबीर धुतल्या लुगड्यात गुंडाळली, खाली नेली, त्याच खुर्चीत बसली आणि गुंडाळी सोडून बाबांना मांडीवर, तोंड समोर करून धरलं. हळूहळू चाळीतल्या बाया तिच्याभोवती येऊन बसल्या. शूटिंग संपेपर्यंत त्या चौकातून हलल्या नाहीत.

वर भिंतीवर खिळा राहिला, आणि खिळ्याखाली चौकोन. भिंत इतक्या वर्षांच्या धुराने करडी झाली होती. तसबिरीमागची जागा तेवढी दादांनी लावलेल्या पहिल्या निळ्या रंगाची राहिली होती. आर्टवाला एक देवाचं कॅलेंडर घेऊन पुढे झाला. ह्या वेळी मी खिळ्यापुढे उभी राहिले. "तो खिळा माझ्या बापाने ठोकलाय. त्याला दुसरं काही लागणार नाही. लावायचं असेल तर फोकसला दुसरं माणूस बघा, आणि खोलीही दुसरी बघा." अंगठ्याचं रक्त टेपवर लागलं होतं. माझा अवतार बघून असेल, कॅलेंडर मागे गेलं.

टेक सुरू झाला. नटी खाटेवर बसून केस बांधते, मग उठून मोरीकडे जाते, चौकट रिकामी राहते. ठरलं असं होतं की फोकस ती बसली होती त्या जागेवरच सोडायचा आणि भिंत धूसर राहू द्यायची. ती उठून गेली. मी चकती फिरवली. सावकाश, भिंतीपर्यंत. मॉनिटरवर खिळा आला, गुल्लीची फट आली, निळ्या चौकोनाची धुराने आखलेली कड आली. सगळं लख्ख.

"कट!" मला वाटलं आता काढतो मला कामावरून. तर दिग्दर्शक उठून आला, डोळे मोठे झालेले. "काय रिकामेपण आहे! बाप रे! हेच ठेवायचं." त्याने मिठी मारायला हात पसरले. मी वाकून जमिनीवरच्या पट्ट्या उपटायला लागले.

पिक्चर तयार व्हायला वेळ लागला. तोवर चाळ पडली होती. आम्ही संक्रमण शिबिरात होतो, पातळ भिंतींच्या खोलीत, तिथे आईने आल्या दिवशी खिळा ठोकून घेतला होता. दादरच्या एका थिएटरात खास खेळ ठेवला, चाळकऱ्यांना बोलावणं आलं. जुन्या चाळीतली माणसं कुठून कुठून आली, तीन रांगा भरल्या. आई पांढरी साडी नेसून आली. त्या दृश्याची जागा आली तेव्हा पडद्यावर आमची भिंत आणि खिळा. माझ्या शेजारी आईने हात जोडले. पाठोपाठ आमच्या रांगांत सगळ्यांनी जोडले. बाकीच्या थिएटरला कळलं नाही काय चाललंय.

खेळ संपल्यावर लाइट लागले, दिग्दर्शक मंचावर आला, प्रश्नोत्तरं सुरू झाली. कोणीतरी त्या रिकाम्या भिंतीबद्दल विचारलं. तो खुलला. म्हणाला, "ती चौकट म्हणजे ह्या शहराची पुसली गेलेली ओळख. ते मला सेटवर अचानक दिसलं." टाळ्या पडल्या. पुसली गेलेली! पुसणारा कोण, ते बोलला नाही. मला भर सभेत ओरडावंसं वाटलं, पण माझ्या आधी आईने हात वर केला. माइक तिच्यापर्यंत आला. तिने तो दोन्ही हातांत धरला.

"मी ती खोलीवाली. तुम्ही घरी आलात, चहा घेतलात, हात जोडलेत. त्या खिळ्याला काय होतं, ते ह्या लोकांना सांगा."

दिग्दर्शक हसला. मी आयुष्यभर चेहऱ्यांचं अंतर मोजत आलेय. मंचावरचा तो चेहरा मला जागेवरून लख्ख दिसत होता.

"मावशी, तेव्हा टेक्निकल प्रॉब्लेम होता. काचेवर लाइट मारत होता."

"इथं काच नाही साहेब," आई म्हणाली. "आता नाव घ्या."

तो पहिल्या रांगेत बसलेल्या कॅमेरामनकडे बघायला लागला. सूत्रसंचालन करणारी बाई पुढे होऊन म्हणाली, वेळ संपत आलीय, पुढचा प्रश्न घेऊ या. आईच्या हातातला माइक बंद झाला. तिने तो दोनदा ठोकून बघितला आणि शेजारच्याला परत दिला.

मग ती उभी राहिली. मी उभी राहिले. आमच्या तिन्ही रांगा उभ्या राहिल्या आणि आम्ही माइकशिवायच बाबांचं पूर्ण नाव घेतलं, पदवीसकट.